दप्तर कुणाचं?

पाटील, कुलकर्णी, देसाई, चौगुले, जोशी, देशपांडे. आपल्या कॉलेजच्या कुठल्याही वर्गाचं हजेरीपत्रक उघडा, त्यात जुन्या कारभारातली पदं रांगेनं बसलेली दिसतील. कधीकाळी कुणी एक माणूस गावाचा जमाखर्च लिहीत होता, म्हणून आज त्याचा पणतू बीकॉमला कुलकर्णी आहे आणि त्याचा ताळेबंद काही जुळत नाही. आम्ही यावरून एकमेकांना भरपूर चिडवायचो. नोकरीला लागल्यावर मला या चेष्टेतली खरी गोष्ट समजायला लागली. माणूस वेगळा, त्याचं पद वेगळं आणि त्या पदाचं दप्तर वेगळं. या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण त्या एकाच गाठोड्यात बांधून ठेवतो.

यंदा मंडळाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, तू कॉम्प्युटरवाली. कविता नको, तुझ्या कामावर लिही. पण आम्हाला कळेल असं लिही." म्हणून हे लिहायला घेतलंय. विषय ऐकायला कोरडा आहे: एका साधनात कंपनीतल्या भूमिकांचा नकाशा होता, दुसऱ्या साधनात कंपनीचं सगळं दप्तर होतं, आणि ही दोन्ही एकमेकांना जोडायचं काम माझ्याकडे आलं. कोरडं आहे खरं, पण थोडं थांबा. यात एक अक्का आहेत.

मी बेळगावातच एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही 28 माणसं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉपना लागणारं हिशेबाचं आणि मालसाठ्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आमचे धाकटे सर काही वर्षं नेदरलँड्सला होते. परत येताना ते चीज आणि एक कल्पना घेऊन आले. चीज आठवड्यात संपलं, कल्पना अजून चालू आहे.

कल्पना अशी. कंपनीचा तक्ता आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो: वर साहेब, खाली मॅनेजर, त्याखाली आपण. असा पहिला आधुनिक तक्ता 1855 सालचा मानतात. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड एरी या रेल्वे कंपनीचे अधीक्षक डॅनियल मॅक्कॅलम यांनी तो करवून घेतला होता. गंमत म्हणजे तो झाडासारखा आहे. संचालक मंडळ खाली मुळाशी आणि फांद्या वर पसरलेल्या. पुढे कुणीतरी झाड उलटं केलं आणि साहेब वर जाऊन बसले.

नेदरलँड्समध्ये वेगळं काही घडलं. केस बुके नावाच्या शिक्षकानं 1926 साली बिल्थोवन इथं एक शाळा काढली. तिथं मुलं आणि शिक्षक मिळून शाळेचे निर्णय घ्यायचे. त्या शाळेत शिकलेले गेरार्ड एंडेनबुर्ग पुढे घरची विजेच्या कामांची कंपनी चालवू लागले, आणि 1970 नंतर त्यांनी शाळेतली ती रीत कारखान्यात आणली. माणसं उतरंडीत मांडण्याऐवजी कामं वर्तुळांत मांडायची. पुढे अमेरिकेत ब्रायन रॉबर्टसन यांनी याच धर्तीवर 'होलाक्रसी' नावाची पद्धत रचली. तिच्यात प्रत्येक भूमिकेला, म्हणजे रोलला, एक हेतू असतो, काही जबाबदाऱ्या असतात आणि एखादी गोष्ट पूर्णपणे त्या रोलच्या ताब्यात असते. एका माणसाकडे चार रोल असू शकतात. एक रोल तिघांत वाटलेला असू शकतो. माणूस गेला तरी रोल राहतो.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्याकडे होतंच की. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांची कामं ठरवून देणारा कानुजाबता प्रसिद्ध आहे. अमात्यानं काय पाहायचं, सचिवानं काय तपासायचं, हे पदाच्या नावानं लिहिलेलं. महाराजांच्या काळात ही पदं वंशपरंपरेनं चालत नव्हती. नंतर चालायला लागली, आणि मग भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य अशी घराणीच झाली. पद घरात शिरलं की दप्तरही घरात शिरतं. गावचा कुलकर्णी हा त्याचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना. गावाचा हिशेब गावाचा, पण दप्तर कुलकर्ण्याच्या वाड्यात. त्याच्याशी वाकडं घ्यायची कुणाची हिंमत? 1950 च्या कायद्यानं तेव्हाच्या मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं रद्द झाली. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं. त्यानंतर बदली होणारा तलाठी आला आणि दप्तर सरकारचं झालं. तलाठी गेला तरी सातबारा जागेवर राहतो, यात केवढी मोठी सोय आहे, हे आपल्याला सवयीमुळे जाणवत नाही.

आमच्या कंपनीत मात्र कुलकर्ण्यांचा जमाना चालू होता. फक्त वाड्याच्या जागी लॅपटॉप होता.

आता साधनांबद्दल. धाकट्या सरांनी रोलचा नकाशा काढणारं एक साधन घेतलं होतं. उघडलं की मोठं वर्तुळ दिसतं, त्यात लहान वर्तुळं, त्यात रोलचे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की रोलचा हेतू, जबाबदाऱ्या आणि सध्या तो कुणाकडे आहे ते दिसतं. बघायला सुंदर. पण 'ग्राहकाचा बॅकअप रोज तपासणं' ही जबाबदारी वाचून बॅकअप तपासायचा कसा, हे कळत नाही.

ते 'कसं' दुसरीकडे होतं, नोशनमध्ये. ज्यांनी नोशन वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: ती एक मोठी सामायिक वही आहे. पानं लिहायची, पानांत पानं घालायची, आणि पानांचे तक्ते करायचे. आमच्या वहीत चारशेच्या वर पानं होती. कुठलं पान कुणी सांभाळायचं, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पानावर लिहिणाऱ्याचं नाव असायचं, पण त्यातले निम्मे लोक पुण्याला नाहीतर बंगळूरला निघून गेले होते.

म्हणजे नकाशाला 'कोण' माहीत होतं आणि वहीला 'कसं' माहीत होतं, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. ती ओळख करून देणं हे माझं काम.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगते, कारण मंडळातल्या बीसीएवाल्यांना तो लागेल. नोशनमध्ये मी दोन तक्ते केले: एक रोलचा, एक पानांचा. नोशनमध्ये 'रिलेशन' नावाचा रकाना असतो. त्यानं एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीला बांधता येते, आणि दोन्ही बाजूंनी दिसते. रोल उघडला की त्याची पानं दिसतात, पान उघडलं की त्याचा रोल दिसतो. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती रोज रात्री नकाशाकडून एपीआयमार्फत सगळे रोल मागवते आणि नोशनमधला रोलचा तक्ता ताजा करते. नकाशातल्या प्रत्येक रोलवर त्याच्या नोशनमधल्या पानाची लिंक टाकली. झाली जोडणी.

यात चार गोष्टी ठरवाव्या लागल्या, आणि त्या कोड लिहिण्यापेक्षा महत्त्वाच्या होत्या.

पहिली, खरं कुठलं? रोलचं नाव आणि जबाबदाऱ्या नकाशात बदलायच्या आणि वहीत फक्त दिसायच्या. काम करायची रीत वहीत लिहायची आणि नकाशात तिची फक्त लिंक. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची मुभा ठेवली की महिन्याभरात दोन सत्यं तयार होतात, आणि मग मीटिंगमध्ये दोघंही आपापलं पान दाखवून भांडतात.

दुसरी, ओळख नावानं करायची नाही. नकाशातल्या प्रत्येक रोलला आतून एक क्रमांक असतो, स्क्रिप्ट तो धरून चालते. आमच्याकडे 'ग्राहक मदत' या रोलचं नाव वर्षात दोनदा बदललं. नावावर गाठ मारली असती तर प्रत्येक बारशाला पानं अनाथ झाली असती.

तिसरी, नकाशातून रोल काढून टाकला तरी वहीतली त्याची ओळ पुसायची नाही. तिच्यावर 'बंद' असा शिक्का मारायचा. कारण रोल बंद झाला तरी त्यानं केलेलं काम ग्राहकाकडे चालूच असतं.

चौथी, काय आणायचं नाही. पगार, घरचा फोन नंबर, रजेचं कारण, यातलं काहीही या जोडणीतून जाणार नाही. रोलची माहिती सगळ्यांची, माणसाची माहिती त्या माणसाची.

बाकी छोट्या खोड्या आहेत. नोशनमध्ये आपल्या इंटिग्रेशनला त्या त्या पानाशी हातानं जोडून द्यावं लागतं. ते केलं नाही, तर पान डोळ्यासमोर असताना स्क्रिप्ट म्हणते, असं पानच नाही. एका वेळी जास्तीत जास्त 100 ओळी मिळतात, पुढच्या हव्या असतील तर पुन्हा मागायच्या. आणि सेकंदाला सरासरी तीनच विनंत्या चालतात, त्यापेक्षा घाई केली की थांबवून ठेवतात. बँकेच्या काउंटरसारखंच आहे, रांग मोडायची नाही.

जोडणी झाल्यावर दोन याद्या आपोआप निघाल्या. एक, ज्या रोलला एकही पान नाही असे रोल. दुसरी, ज्या पानांना रोल नाही अशी पानं. पहिली यादी वाचून धाकटे सर गंभीर झाले. सर्व्हर सांभाळणाऱ्या रोलला एकही पान नव्हतं. सगळं एका मुलाच्या डोक्यात होतं, आणि तो मुलगा दर रविवारी मोटरसायकल घेऊन आंबोली घाटात जातो.

दुसऱ्या यादीवर काम करताना मला अक्का सापडल्या.

झालं असं. पानांत जिथं माणसाचं नाव आहे तिथं रोलचं नाव घालायचं, असं ठरलं होतं. 'अडचण आल्यास अमुकला विचारा' याच्या जागी 'सर्व्हर रोलला विचारा'. म्हणजे माणूस बदलला तरी पान शिळं होणार नाही. मी नावांची यादी केली आणि एकेक शोधत गेले. सगळ्यात जास्त पानांत कुणाचं नाव निघावं? थोरल्या सरांचं नाही, धाकट्या सरांचं नाही. 'अक्कांना विचारा.' 31 पानांत.

पावसात लाइट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो? अक्कांना विचारा. हेस्कॉमचं बिल कुठल्या खात्यावर? अक्कांना विचारा. महापालिकेकडून लायसन्सचं पत्र आलं, कन्नडमध्ये आहे, काय करायचं? अक्कांना विचारा. एका फाउंड्रीचे मालक फोन उचलत नाहीत. अक्कांना विचारा, त्यांना कुठल्या वेळी फोन करायचा ते. नवीन मुलीला पेइंग गेस्ट म्हणून खोली हवी आहे. अक्कांना विचारा.

आणि आता या नावाच्या जागी कुठला रोल घालायचा? नकाशात अक्का नव्हत्याच. 64 रोल होते, त्यात 'आंतरराष्ट्रीय विस्तार' नावाचासुद्धा एक होता, ज्यात अजून काहीही विस्तारलेलं नाही. पण अक्कांचा रोल नव्हता. त्या ठेकेदाराच्या माणसांत मोजल्या जायच्या, पगारपत्रकावर 'हाउसकीपिंग'. 11 वर्षं.

नकाशा काढताना कुणी मुद्दाम त्यांना वगळलं, असं मला वाटत नाही. नकाशा काढायला जे बसले, त्यांनी आपापली कामं सांगितली. त्या वेळी अक्का त्या खोलीत होत्याच, चहाचा ट्रे घेऊन.

मी अक्कांकडे वही घेऊन गेले. दुपारी डबे झाल्यावर त्या पॅन्ट्रीत स्टुलावर बसतात, तिथं.

"अक्का, तुम्ही काय काय करता ते सांगा, मी लिहून घेते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळं लिहून घेतलीस की मग मला कशाला ठेवतील गं?"

या प्रश्नावर मी अजून विचार करते. आमच्या धंद्यात दस्तऐवज करणं ही पुण्याची गोष्ट मानतात. लिहून ठेवा, वाटून घ्या, ज्ञान एका डोक्यात ठेवू नका. हे सगळं अशी माणसं म्हणतात, ज्यांना उद्या दुसरी नोकरी मिळणार असते. ज्या माणसाकडे 'मलाच माहीत आहे' एवढंच भांडवल आहे, त्याला 'ते लिहून दे' म्हणणं म्हणजे त्याच्या गाठीचं सोडवून घेणं. कुलकर्ण्यानं दप्तर घरात ठेवलं ते सत्तेसाठी. अक्कांनी डोक्यात ठेवलं होतं ते पोटासाठी. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, पण सारखं नाही.

मी त्यांना म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. आज नको लिहायला." आणि वही मिटली.

मग मी धाकट्या सरांना भेटले. म्हटलं, "सर, 31 पानं अडलीत. नावाच्या जागी घालायला रोल नाही. आधी नकाशात रोल होऊ दे, मग पानं होतील. उलट्या क्रमानं मी करणार नाही." शेवटचं वाक्य जरा जोरात गेलं. सर यादी बघत राहिले. ते वाईट माणूस नाहीत. एवढंच म्हणाले, "31?"

पुढच्या सोमवारच्या बैठकीत अक्का पहिल्यांदा ट्रेशिवाय येऊन बसल्या. त्यांच्या कामांचे तीन रोल झाले. एक जागा आणि वीज यांचा. दुसरा कन्नड पत्रव्यवहार आणि सरकारी कागदांचा, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येतं पण सरकारी कन्नड वाचता येत नाही. तिसरा नवीन माणसाला रुळवण्याचा. त्याला नाव काय द्यायचं यावर वाद झाला, शेवटी अक्कांनीच दिलं: 'माणूस लावणं'. तीनही ठिपक्यांवर त्यांचं नाव आणि फोटो. फोटोसाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी इरकल नेसून येऊन काढून घेतला.

त्यानंतर पानं लिहिली. त्या सांगायच्या, मी टाइप करायची. मराठीतच, जिथं कन्नड शब्द हवा तिथं कन्नड. प्रत्येक पानावर लिहिणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव घातलं. दोन महिन्यांत 19 पानं झाली. त्यातलं 'पाऊस आणि इन्व्हर्टर' हे पान आमच्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान आहे, कारण त्यात एकही फालतू वाक्य नाही.

काही गोष्टी त्यांनी लिहू दिल्या नाहीत. एका मालकांना महिन्याच्या ठरावीक दिवसांत वसुलीचा फोन करायचा नाही, हे त्यांना माहीत होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्या घरी दुखणं आहे. हे काय कॉम्प्युटरात घालायचं असतंय काय?" मी घातलं नाही. कारण न लिहिता 'या तारखांना फोन नको' एवढंच पानावर गेलं. होलाक्रसी वापरणारी 'मीडियम' ही अमेरिकन कंपनी 2016 साली त्या पद्धतीतून बाहेर पडली. तेव्हा त्यांनी दिलेल्या कारणांत एक असं होतं, की जबाबदाऱ्या बारीकसारीक लिहून ठेवण्यात फार वेळ जातो आणि 'हे आपल्या सगळ्यांचं आहे' ही भावना कमी होते. अक्कांना मीडियम माहीत नाही, पण हद्द कुठं आखायची हे त्यांना आधीच माहीत होतं.

आता परिणाम. मी खोटं गोड चित्र रंगवणार नाही. ठेकेदाराच्या यादीतून कंपनीच्या यादीत यायला अक्कांना आणखी आठ महिने लागले, आणि ते नकाशामुळे झालं की थोरल्या सरांच्या मनात होतंच म्हणून झालं, हे मला सांगता येणार नाही. पण एक गोष्ट जोडणीमुळेच झाली. मार्चमध्ये अक्कांच्या मुलीचं बाळंतपण होतं, गोकाकला. थोरल्या मुलीच्या वेळी त्यांना चारच दिवस जायला मिळालं होतं, कारण इथं सगळं अडत होतं. या वेळी त्या सहा आठवडे गेल्या. जाताना तीनही रोलवर दुसऱ्यांची नावं लागली, नकाशात तसं दिसलं, वहीत पानं तयार होती. सहा आठवड्यांत त्यांना चार फोन गेले. त्यातला एक बाळाचं नाव काय ठेवलं हे विचारायला होता.

त्या परत आल्यावर ठिपक्यांवर पुन्हा त्यांचं नाव लागलं. कुणी विचारलं नाही, की आता अक्कांची गरज काय. उलट या सहा आठवड्यांत ज्यांनी त्यांची कामं केली, त्यांना ती किती आहेत हे पहिल्यांदा कळलं. अक्कांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. लिहून ठेवलेल्या कामाचा उपयोग माणसाला काढून टाकायलाही होतो आणि माणसाला सुट्टी द्यायलाही होतो. साधन दोन्हींना सारखंच मदत करतं. कुठल्या बाजूला जायचं, हे रोल आधी लिहिला की पान आधी लिहिलं, यावर बरंचसं ठरतं. माणसाला नकाशात जागा न देता त्याच्याकडून नुसतं दप्तर काढून घेतलं, तर ती लूट आहे.

हे सगळं मंडळाच्या अंकात का लिहितेय? कारण आपलं मंडळ हीसुद्धा एक संस्था आहे, आणि तिच्यात दर वर्षी सगळीच माणसं बदलतात. कुठल्याही कंपनीत एवढी गळती नसते. दर जूनमध्ये नवे सचिव येतात आणि विचारतात, गेल्या वर्षी वक्त्यांना प्रवासखर्च किती दिला होता? कुणाला माहीत नसतं. भित्तिपत्रकाचे जुने फोटो कुठं आहेत? एका ताईच्या ड्राइव्हमध्ये. ताई कुठं आहे? दुबईला. ड्राइव्हवरच्या फाइलची मालकी खात्याकडे असते. खातं ताईचं, म्हणजे दप्तर ताईच्या वाड्यात.

तुम्हाला नकाशाचं साधन विकत घ्यायची गरज नाही, स्क्रिप्टही नको. एक तक्ता पुरे. पाच रकाने करा. पहिला, रोल: सचिव, खजिनदार, अंकाचे संपादक, भित्तिपत्रक, पाहुण्यांचं स्वागत, सभागृह आणि माइक. दुसरा, तो कशासाठी आहे, एका ओळीत. तिसरा, त्यानं काय काय करायचं. चौथा, सध्या कोण. पाचवा, दप्तर कुठं आहे त्याची लिंक. दप्तर मंडळाच्या एका सामायिक खात्यात ठेवा आणि त्या खात्याचा पासवर्ड मंडळ बघणाऱ्या प्राध्यापकांकडे असू दे. हे काम फेब्रुवारीत करा. मार्चमध्ये परीक्षा असते, आणि एप्रिलमध्ये कुणी फोन उचलत नाही.

तक्ता झाला की मी केला तसा एक शोध तुम्हीही घ्या. मंडळाच्या गेल्या दोन वर्षांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'विचारा' हा शब्द शोधा. कुणाला विचारा, कुणाला विचारा, असं सगळ्यात जास्त वेळा कोण निघतंय ते बघा. सभागृहाची किल्ली देणारे मामा असतील, ग्रंथालयातल्या मॅडम असतील, नाहीतर कार्यकारिणीत नाव नसलेली, पण प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी खुर्च्या मांडणारी एखादी दुसऱ्या वर्षाची मुलगी असेल. त्यांना आधी तक्त्यात जागा द्या, अंकाच्या श्रेयनामावलीत नाव द्या, आणि मगच वही घेऊन त्यांच्यासमोर बसा. "लिहून दिलं तर माझं काय?" असं त्यांनी विचारलं तर रागावू नका. त्या वेळी तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असलं पाहिजे.

आणि हो, पहिले तीन रकाने शाईनं भरा, चौथा पेन्सिलनं.